गाईचा टॅब, म्हशीचा टॅब

टीकेइंटरमध्ये, म्हणजे पायथॉनमध्ये खिडक्या, बटणं, टॅब बनवायच्या लायब्ररीत, टॅबला रंग द्यायला बसलं की बहुतेकांना सुरुवातीला एकच अनुभव येतो. कोड बरोबर असतो, एरर येत नाही, आणि टॅब मात्र होता तसाच पांढरट करडा राहतो. फार तर कडेला दिलेल्या रंगाची एक बारीक रेघ दिसते. नेटवर शोधलं की अर्धवट उत्तरं मिळतात, ती चिकटवून पाहिली तरी फरक पडत नाही. या सगळ्यातून मी गेलोय, आणि मराठीत यावर नीट लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणं देवनागरीत दिली आहेत, ओळखू येतील.

आधी हे सांगतो की मला टॅबच्या रंगाची एवढी गरज का पडली. संगमनेर तालुक्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांसाठी मी संकलनाचा छोटा प्रोग्राम करतो. पायथॉनमध्ये आहे. वजनकाटा आणि मिल्क अ‍ॅनालायझर सिरियल पोर्टनं जोडलेले असतात. सचिव उत्पादकाचा कोड नंबर टाकतात, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आपोआप येतं, दर लागतो, पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल.

यात गाय आणि म्हैस हे दोन वेगळे टॅब आहेत, कारण दोन्हींचं दरपत्रक वेगळं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर चालतो, म्हशीचा ६.० आणि ९.० वर. त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला वाढ किंवा कपात. बऱ्याच घरी दोन्ही जनावरं असतात. एकच माणूस एका हातात गाईची बरणी आणि दुसऱ्या हातात म्हशीची घेऊन उभा राहतो. मागं रांग. सकाळी सहाची वेळ, एक बल्ब, कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर, हात ओले. अशा वेळी स्क्रीनवर दोन्ही टॅब दिसायला सारखेच असतील, तर म्हशीचं दूध गाईच्या टॅबमध्ये जाणारच. ते त्या दिवशी कळत नाही. दहा दिवसांनी बिल हातात पडलं की कळतं, आणि मग संस्थेच्या ओट्यावर वाद. ज्याच्या घरखर्चाचा तो पैसा आहे त्याला 'सॉफ्टवेअरमध्ये चुकून झालं' हे उत्तर देता येत नाही.

फॅटचा आकडा पटत नसेल तर इशाऱ्याची खिडकी येते, ती सोय आहेच. पण घाईत ती खिडकी वाचत कोण बसतं? एंटर दाबला जातो. शिवाय उन्हाळ्यात फॅट खाली-वर होतं आणि इशारा खोटाही ठरतो. दोनदा खोटा ठरला की तिसऱ्या वेळी त्याच्याकडं कुणी बघत नाही. म्हणून चूक झाल्यावर सांगण्यापेक्षा, आपण कुठं उभे आहोत हे आधीच डोळ्यांत भरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तेही शब्द न वाचता, हातभर अंतरावरून.

आता टॅब रंग का घेत नाही ते. टीकेइंटरच्या मुळाशी टीके ही लायब्ररी आहे, आणि टॅब म्हणजे तिच्या टीटीके नावाच्या संचातलं नोटबुक विजेट, म्हणजे स्क्रीनवरचा एक घटक. हा संच मुळात टाइल या नावानं वेगळा तयार झाला. जो इंग्लिश यांनी तो लिहिला, आणि २००७ मध्ये टीके ८.५ बरोबर तो मूळ टीकेमध्ये आला. त्यामागची कल्पना अशी की विजेटचं वागणं आणि विजेटचं दिसणं पूर्ण वेगळं ठेवायचं. दिसणं थीमकडं सोपवायचं. विंडोजवर नेहमीची थीम असते व्हिस्टा, आणि ही थीम टॅबचं चित्र स्वतः काढतच नाही. विंडोजला सांगते की इथं एक टॅब काढ, आणि विंडोज स्वतःच्या रंगात तो काढून देतो. तुम्ही दिलेली पार्श्वभूमी तिथं विचारलीच जात नाही. अक्षरांचा रंग आणि फॉन्ट मात्र लागू होतो, कारण अक्षरं टीके काढतं. हे एकदा समजलं की तुमचा कोड बरोबर असून रंग का दिसत नाही याचा उलगडा होतो.

यावर दोन वाटा. पहिली, अख्खी थीम बदलायची. क्लॅम, ऑल्ट, डिफॉल्ट या थीम सगळं चित्र स्वतः काढतात, त्यामुळं रंग ऐकतात. दुसरी वाट जरा आडवळणाची पण सुंदर आहे. बाकी सगळं व्हिस्टाचंच ठेवायचं आणि फक्त टॅबचा तुकडा दुसऱ्या थीममधून उचलायचा. स्टाइलच्या एलिमेंट क्रिएट या मेथडला 'फ्रॉम' म्हणून सांगता येतं की डिफॉल्ट थीममधला नोटबुक टॅब मला नव्या नावानं दे. मग टीनोटबुक डॉट टॅबची मांडणी पुन्हा लिहायची आणि जुन्या तुकड्याच्या जागी हा नवा बसवायचा. ज्यांना बटणं, स्क्रोलबार वगैरे विंडोजसारखेच हवेत त्यांनी हे करावं. मी क्लॅम घेतली, कारण माझा प्रोग्राम एका संस्थेत लिनक्सवरही चालतो आणि दोन्हीकडं स्क्रीन हुबेहूब सारखी दिसावी ही माझी अट होती. बदली सचिव एका गावातून दुसऱ्या गावात गेला तर त्याला पुन्हा शिकावं लागू नये.

क्लॅम घेतली की पुढची अडचण उभी राहते, आणि ती जरा जवळून बघण्यासारखी आहे. लांबून वाचता यावेत म्हणून टॅबना भरपूर पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवती मोकळी जागा, द्यायचं असतं. समजा, डावी-उजवीकडं १८ आणि वर-खाली १० पिक्सेल दिलं. प्रोग्राम चालू केला तर सगळे टॅब छान मोठे दिसतात, फक्त निवडलेला टॅब आखडून बारका झालेला असतो. नेमका जो उठून दिसायला हवा तोच. त्यावर क्लिक करा, दुसऱ्यावर करा, ज्याच्यावर जाल तो आखडतो.

याचं कारण क्लॅमच्या स्वतःच्या फाइलमध्ये आहे. टीटीकेमध्ये दिसणं दोन ठिकाणी ठरतं. कॉन्फिगरमध्ये नेहमीची किंमत असते, आणि मॅपमध्ये अवस्थेनुसार बदलणारी. निवडलेला, ज्याच्यावर माउस आहे तो, बंद केलेला, अशा अवस्था. मॅपमध्ये त्या अवस्थेसाठी काही लिहिलेलं असेल तर कॉन्फिगरकडं बघितलंच जात नाही. टीके ८.६ च्या क्लॅममध्ये निवडलेल्या टॅबचं पॅडिंग मॅपमध्ये ६, ४, ६, २ असं आधीच लिहून ठेवलंय. थीमच्या मूळ बारीक टॅबच्या मानानं ते दोन पिक्सेल जास्त आहे, म्हणजे लिहिणाऱ्याचा हेतू निवडलेला टॅब थोडा वर उचलण्याचाच होता. आपण बाकीचे मोठे केले आणि तो तिथंच राहिला. उपाय सोपा आहे, पॅडिंग कॉन्फिगरमध्ये द्यायचं आणि मॅपमध्येही निवडलेल्या अवस्थेसाठी पुन्हा द्यायचं. मी १८, १४, १८, १० देतो, म्हणजे निवडलेला टॅब चार पिक्सेल उंच राहतो.

पार्श्वभूमीचंही तसंच. क्लॅमनं मॅपमध्ये निवडलेल्या टॅबला एक रंग दिलाय आणि 'बाकी कुठल्याही अवस्थेत' दुसरा. म्हणजे कॉन्फिगरमध्ये दिलेल्या रंगाची पाळी कधी येतच नाही. रंग मॅपमध्येच द्या. आणि मॅपमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. यादी वरून खाली वाचली जाते आणि जी अट आधी जुळेल ती घेतली जाते. टॅबवर माउस असल्याची अट तुम्ही निवडलेल्याच्या आधी लिहिलीत, तर निवडलेल्या टॅबवर माउस राहिला की त्याचा रंग उडतो. संकलन केंद्रावर माउस एकदा बाजूला पडला की तासभर तिथंच पडून असतो, त्यामुळं ही बारीक गोष्ट नाही. आधी निवडलेला, मग माउसचा, मग बाकीचे.

इथवर सगळ्या टॅबना मिळून एकच स्टाइल झाली. आता खरा प्रश्न. गाईला एक रंग आणि म्हशीला दुसरा कसा द्यायचा? टीटीकेमध्ये एकेका टॅबला वेगळी स्टाइल देता येत नाही. टॅब जोडताना मजकूर, चित्र, अवस्था, अधोरेखित अक्षर अशा गोष्टी देता येतात, रंग नाही. मंचांवर याचं उत्तर 'होत नाही' असं मिळतं आणि तिथंच विषय संपतो.

पण जरा विचार केला तर एका वेळी निवडलेला टॅब एकच असतो. मग निवडलेल्या अवस्थेचा रंगच टॅबगणिक बदलला तर? टॅब बदलला की नोटबुक टॅब चेंज्ड ही घटना घडते. तिला एक फंक्शन बांधायचं. त्यात कुठला टॅब निवडलाय ते पाहायचं आणि मॅपमधला निवडलेल्या अवस्थेचा रंग त्या टॅबच्या रंगानं बदलून टाकायचा. गाईवर गेलं की निवडलेल्याचा अर्थ हळदी पिवळा, म्हशीवर गेलं की गडद निळा. बदल लगेच दिसतो. याच फंक्शनमध्ये मी आणखी दोन गोष्टी करतो. अक्षरांचा रंग बदलतो, कारण पिवळ्यावर काळी अक्षरं लागतात आणि निळ्यावर पांढरी. आणि पानाच्या डोक्यावर त्याच रंगाची जाड पट्टी आहे, ती बदलतो. नुसत्या टॅबपेक्षा ही पट्टी जास्त कामाची ठरली, कारण आकडे भरताना नजर टॅबवर नसते, पानाच्या मध्यावर असते, आणि आडवी रुंद पट्टी नजरेच्या कडेला राहते.

न निवडलेल्या टॅबचं काय? ते करडे राहतात, पण प्रत्येकाच्या मजकुराआधी त्या त्या रंगाचा छोटा चौकोन आहे. फोटोइमेजला रुंदी-उंची देऊन रिकामं चित्र बनवायचं, पुट या मेथडनं एका रंगानं भरायचं, आणि टॅबला ते चित्र देऊन कंपाउंड, म्हणजे मजकुराच्या कुठल्या बाजूला चित्र हे सांगणारा पर्याय, डावीकडं ठेवायचा. वेगळी चित्राची फाइल लागत नाही. एक काळजी घ्यायची, ते चित्र फंक्शनमधल्या तात्पुरत्या नावात ठेवू नका. फंक्शन संपलं की पायथॉन ते पुसून टाकतो आणि टॅबवर चौकोनाच्या जागी रिकामी जागा उरते. ऑब्जेक्टच्या स्वतःच्या यादीत धरून ठेवा.

रंग निवडताना मी लाल-हिरवा मुद्दाम टाळला. या दोन रंगांत फरक न कळणारी माणसं आपल्यात असतात, आणि बऱ्याच जणांना ते स्वतःलाही ठाऊक नसतं. पिवळा आणि निळा मात्र बहुतेकांना वेगळे दिसतात, आणि एक उजळ, एक गडद घेतला की स्क्रीनचा रंग उतरलेला असला तरी फरक राहतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव मोजायला वेबवाल्यांचा नियम चांगला आहे. साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. तो वेबसाठी लिहिलाय, पण डोळे तेच आहेत. करड्यावर करडी अक्षरं दिसायला शांत वाटतात म्हणून हल्ली सगळीकडं वापरतात. ज्यांना चष्म्याचा नंबर आहे आणि ज्यांच्या मॉनिटरवर धूळ बसलीय अशा माणसांसाठी ती नकोत.

"काका, रंग बरा आहे का?" असं मी एका संस्थेच्या सचिवांना विचारलं होतं. ते म्हणाले, "रंगाचं राहू दे, अक्षर कापलंय बघ." आणि खरंच, 'कीर्द' या टॅबवरचा रफार वरून तासला गेला होता.

हा देवनागरीचा स्वतंत्र विषय आहे. टॅबची उंची टीके ठरवतं ती तुम्ही नाव दिलेल्या फॉन्टच्या मापावरून. तुम्ही इंग्रजी फॉन्टचं नाव दिलंत, तर देवनागरी अक्षरं विंडोज दुसऱ्या फॉन्टमधून आणून बसवतो, पण उंची इंग्रजीचीच राहते. वेलांटीवर रफार आला किंवा खाली उकार लोंबला की तिथं जागा पुरत नाही. त्यामुळं देवनागरी फॉन्टचंच नाव द्या. विंडोज ८ पासून पुढं निर्मला यूआय असतो. संस्थांमध्ये अजून विंडोज ७ ची मशिनं सर्रास आहेत, तिथं मंगल. प्रोग्राम सुरू होताना फॉन्टची यादी विचारून घ्यायची आणि जो असेल तो लावायचा. आणि तपासायला 'गाय' हा शब्द घेऊ नका, त्यात वर-खाली काहीच नाही. 'कीर्द' आणि 'पशुखाद्य' घ्या. हे दोन नीट दिसले तर बाकीचे दिसतात.

नावं आखूड ठेवा हेही सांगायला हवं. टीटीकेच्या टॅबना स्क्रोल नाही. जागा संपली की तो सगळ्यांना दाबून बसवतो आणि नावं अर्धी दिसतात. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर मोठ्या फॉन्टचे सहा-सात मराठी टॅब बसतात, त्यापुढं नाही. 'उत्पादक माहिती व्यवस्थापन' असली नावं देऊ नका. 'उत्पादक' पुरे. फारच टॅब लागत असतील तर टॅबपोझिशनला 'डब्ल्यूएन' देऊन ते डाव्या बाजूला एकाखाली एक लावता येतात. अक्षरं आडवीच राहतात, मान वाकडी करावी लागत नाही.

निवडलेल्या टॅबवर येणारी तुटक रेघेची चौकट बरेच जण काढून टाकतात. मांडणीतून नोटबुक फोकस हा तुकडा वगळला की ती जाते. मी ठेवली आहे. कीबोर्डवर काम करणाऱ्याला कर्सर टॅबवर आहे की खालच्या चौकटीत, हे त्यावरूनच कळतं. मात्र टॅब बदलायला मी एफ-२, एफ-३ अशा कळा दिल्या आणि तो आकडा टॅबच्या नावातच लिहिला. टीटीकेची स्वतःची ऑल्ट आणि अधोरेखित अक्षराची सोय मराठी नावांना कामाची नाही, कारण त्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर असतो.

खिडक्या-बटणं बनवायची दुसरी लायब्ररी म्हणजे क्यूटी, ती का नाही वापरली, असं मला नेहमी विचारतात. क्यूटी चांगलंच आहे. तिथं प्रत्येक टॅबच्या अक्षरांना वेगळा रंग सरळ देता येतो. पण पार्श्वभूमी टॅबगणिक वेगळी हवी असेल तर स्टाइलशीटमध्ये पहिला, शेवटचा, निवडलेला असेच काही भेद करता येतात, त्यापुढं टॅबबार स्वतः रंगवावा लागतो. म्हणजे कष्ट वाचत नाहीत. आणि तयार प्रोग्राम आकारानं मोठा होतो, जो मला गावातल्या मोबाइल नेटवरून पाठवायचा असतो.

लिनक्सवर मात्र टीकेची बाजू लंगडी आहे. टीके ८.६ तिथं देवनागरीची जुळणी करतच नाही. 'किंमत' लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी क च्या उजवीकडं जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. फॉन्ट कितीही बदला, फरक नाही, कारण दोष फॉन्टमध्ये नाहीच. यावर मला सापडलेला मार्ग असा की टॅबवर मजकूर द्यायचाच नाही, मजकुराचं चित्र द्यायचं. पिलो या चित्रांवर काम करणाऱ्या पायथॉन लायब्ररीत राक्म नावाची मांडणी निवडता येते, ती देवनागरी व्यवस्थित जुळवते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला 'मुक्त' हा खुला फॉन्ट मी त्यासाठी घेतला. लहान आकारातही त्याची अक्षरं मोकळी राहतात. पारदर्शक पार्श्वभूमीवर नाव लिहून चित्र करायचं आणि टॅबला द्यायचं. चौकोनही त्याच चित्रात येतो. प्रत्येक नावाची दोन चित्रं लागतात, निवडलेल्यासाठी आणि एरवीसाठी, आणि ती बदलायची जागा म्हणजे तेच टॅब बदलल्यावर चालणारं फंक्शन.

आता काही संस्थांकडून मागणी आली आहे की सकाळ आणि संध्याकाळचं संकलनही वेगळ्या रंगात दाखवा. त्याला मी नकार दिलाय. रंग फक्त जनावर सांगेल. वेळ पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलेली आहे, 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ', आणि ती घड्याळावरून आपोआप लागते. पशुखाद्य, उत्पादक, कीर्द, बिल हे बाकीचे टॅब निवडल्यावरही करडेच राहतात, फक्त उंच होतात. तिथं चुकून कुणाचं दूध दुसऱ्या दरात जात नाही.